दहा वर्षं चालेल असा कॉम्प्युटर

मिहीर जमिनीवरून उठायला लागला की मी दुसरीकडे बघते. म्हणजे बघते त्याच्याकडेच, पण बघत नाही असं दाखवते. आमच्या बिल्डिंगमधली साडेतीन वर्षांची मुलं सरळ उठतात आणि पळतात, मी सगळी नीट पाहून ठेवली आहेत. मिहीर आधी ओणवा होतो, मग एक हात गुडघ्यावर टेकवतो आणि मग उभा राहतो. रोज नाही. कधीकधी. हे ‘रोज नाही’ मी स्वतःला दिवसातून कितीदा तरी सांगते.

माझा भाऊ सुजित पाच वर्षांचा असताना असाच उठायचा. आता तो एकवीसचा आहे, अकराव्या वर्षापासून व्हीलचेअरवर. त्याचे स्नायू हळूहळू निकामी होत चाललेत. हा आजार आईकडून मुलग्याला येतो. मुली चालत्याफिरत्या राहतात, पण त्यांच्याकडून तो पुढे त्यांच्या मुलग्यांना जाऊ शकतो. डॉक्टरांनी हे आईला आणि मला समोर बसवून सांगितलं होतं. लग्नाआधी हिची तपासणी करून घ्या, असंही म्हणाले होते. मी बीएस्सी झालेली, मला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी लग्नाच्या बोलण्यांत आई म्हणाली, लहानपणी मोठा ताप आला त्यात पाय गेले पोराचे. मी पोह्यांच्या बशा गोळा करत होते. तशीच आत गेले. कल्पेशला, माझ्या नवऱ्याला, आजही तेवढंच माहीत आहे.

त्या रविवारी मी मिहीरला घेऊन हेंद्रेपाड्याला आईकडे गेले, कारण सुजितला गेम खेळायला कॉम्प्युटर घ्यायचा होता. आजवर तो मोबाइलवर खेळायचा, पण आता मोबाइल धरून हात लगेच गळतात. माउस मांडीवरच्या फळीवर ठेवला तर नुसत्या बोटांवर तासभर जमतं, हे त्याने मित्राचा लॅपटॉप आणून बघितलं होतं. कॉम्प्युटरचा डबा मात्र छोटाच हवा होता. पलंग आणि खिडकीच्या मध्ये एक टेबल आहे, त्यावर त्याचं रात्रीचं श्वासाचं मशीन असतं. त्याच्या बाजूला दोन वितींची जागा उरते.

आईने पंचेचाळीस हजार सांगितले होते, वर एक पैसा नाही. आणि कॉम्प्युटरचं उलटं असतं, वस्तू जितकी लहान तितकी महाग.

मी वहीत सुट्या भागांची यादी लिहीत होते, तो सांगत होता.

“ताई, अक्षर बघ तुझं. हरेशभाईला दाखवलंस तर खोकल्याचं औषध देईल.”

“मग तू लिही.”

“हो, ते राहिलंच,” तो म्हणाला आणि हसला. मला हसता आलं नाही.

हरेशभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. त्यांना फोन लावून मी स्पीकर चालू केला. त्यांनी सरळ हिशेब मांडला. जुन्या पिढीचा छोटा मदरबोर्ड घ्यायचा, तो स्वस्त पडतो. वाचलेल्या पैशांत एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड बसतं. गेमची चित्रं तेच कार्ड हलवतं, ते असलं की गेम मख्खनसारखा चालतो.

“दीदी, दो-तीन साल आरामसे निकालेगा. भाई को मजा आ जाएगा.”

“नाही,” सुजित म्हणाला. “बोर्ड नवाच. पॉवर सप्लाय पण मोठावाला. कार्ड नको अभी.”

“अरे भाई, कार्ड नहीं तो गेम रडत-रडत चलेगा! आणि कार्डच नाही तर बडा पॉवर सप्लाय काय पूजेला ठेवणार?”

“कार्ड बाद में डालेंगे. डबा असा द्या की त्यात पुढे मोठं कार्ड बसेल.”

“बाद में म्हणजे कब?”

“दस साल चलना चाहिए,” सुजित म्हणाला.

पलीकडे हरेशभाई हसले. “साईं, दस साल तो शादी की गॅरंटी नहीं देता कोई. सोचो, मैं घंटे भर में फोन करता हूं.”

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हाताला पीठ. तिने ऐकलं होतं. गेली दोन वर्षं सुजित पुढचं काही बोललाच नव्हता. नवा शर्ट आणला तरी म्हणायचा, कशाला, पडून राहील. आणि आज दहा वर्षं.

“बघ बाय,” आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “पोरगा पुढचं बोलायला लागला.” तिचे डोळे भरले होते. देव पावला असं मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. आई हात धुऊन लगेच गोड करायला दूध आणायला खाली गेली.

मी वही मांडीवर घेतली. “पण आत्ता खेळायचंय ना तुला? घे की ते कार्ड. पुढचं पुढे बघू.”

“मला दोन वर्षं पुष्कळ आहेत,” तो म्हणाला. “बोटं तेवढीच चालतील. मी साधे गेम खेळीन.”

“मग दहा वर्षं कोणासाठी?”

त्याने मान वळवली नाही, ती त्याला पटकन वळवता येत नाही. नुसते डोळे खाली नेले. खाली लादीवर मिहीर त्याच्या गाड्या रांगेत लावत होता.

“तेराव्या-चौदाव्या वर्षी लागेल त्याला. बाहेर जाणं बंद झालं की दुसरं काही नसतं गं. तेव्हा नुसतं कार्ड बसवून द्या.”

मी वही मिटली. मग उघडली. “काहीतरीच बोलू नकोस.”

“मी दिवसभर एका जागी बसतो ताई. समोर जे येतं ते बघतो. दिवाळीत तुम्ही राहायला आलात तेव्हापासून दिसतंय.”

“रोज नाही उठत तो तसा.”

“माझंही रोज नव्हतं. आईपण सगळ्यांना हेच सांगायची.”

एवढ्या वर्षांत त्याने आईला कधी बोल लावला नव्हता. आताही लावला असं नाही. भाव सांगावा तसं सांगितलं. मिहीरची एक गाडी पलंगाखाली गेली. तो सरपटत आत गेला, बाहेर आला आणि उठला. यावेळी दोन्ही हात मांड्यांवर होते. आम्ही दोघांनी पाहिलं. सुजितने माझ्याकडे बघितलं नाही, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

“रक्ताची साधी तपासणी असते आधी,” तो म्हणाला. “आता औषधं लवकर सुरू करतात, त्याने चालण्याची काही वर्षं वाढतात. माझी दोन वर्षं बघू-बघू म्हणण्यात गेली. आणि काही नाही निघालं तर मला शिव्या घाल. त्याला अभ्यासाला होईल कॉम्प्युटर.”

फोन वाजला. हरेशभाई. “बोलो दीदी, कार्ड रखूं?”

“नको. सुजितने सांगितलं तेच द्या.”

“पक्का? बाद में मेरेको मत बोलना.”

“पक्का,” मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. फोन हातातच होता. ठेवला असता तर पुन्हा उचलला नसता. मी कल्पेशला लावला. तो बेलवलीच्या मैदानावर होता, त्यांची मॅच चालू होती.

“काय गं? पडला का मिहीर?”

“नाही. उद्या सुट्टी टाक. त्याचं रक्त तपासायचंय.”

“कसलं रक्त? काय झालंय?”

“बाजूला जा जरा. आणि माझं होईपर्यंत मध्ये बोलू नकोस.”

मी सांगितलं. आजाराचं नाव, तो कसा येतो, कोणाकडून येतो, मिहीर कसा उठतो. आईने बैठकीत काय सांगितलं होतं तेही. सुजितने डोळे मिटून घेतले होते. आपण इथे नाही असं करायला त्याला तेवढंच जमतं. कल्पेश खरंच मध्ये काही बोलला नाही. मागे पोरं कुणाच्या तरी नावाने ओरडत होती.

“हे तुला कधीपासून माहीत आहे?” त्याने विचारलं.

“लग्नाआधीपासून.”

मैदानातून त्याला कोणीतरी बॅटिंगला बोलावत होतं. त्याने फोन ठेवला नाही.