दात काढण्यापूर्वीची परवानगी

आमच्या दाजींचे पुढचे दात सोमवारी काढायचे ठरले. एरवी पुढचे दात गेले तर माणूस फार तर हसताना तोंडावर हात धरतो. पण दाजी ट्रम्पेट वाजवत. त्या वाद्याची सगळी मदार ओठांवर आणि ओठांची दातांवर. कवळी बसवून जेवता येतं, भांडता येतं, भाषणसुद्धा ठोकता येतं. ट्रम्पेट तेवढं वाजत नाही. दातांच्या डॉक्टरांनी हिरडी दाबून आतला पू दाखवला आणि म्हणाले, "आता लांबवलंत तर जबडा गोत्यात येईल."

दाजींची उभी नोकरी पालिकेच्या बँडमध्ये गेली. साहेबांनी फीत कापली की दाजींनी फुंकायचं, पुतळ्यावरचा पडदा सरकला की फुंकायचं. नव्या गटाराचं उद्घाटन झालं तेव्हा सगळे पाहुणे नाकाला रुमाल लावून उभे होते, दाजी सोडून. नाक झाकायचं आणि फुंकायचं, या दोन्ही सोयी ट्रम्पेटवाल्याला एकदम मिळत नाहीत. स्वतःच्या लग्नात मात्र वाजवायचं राहिलं, कारण त्या दिवशी ते नवरदेव होते. ताईसाठी त्यांनी तेव्हा एक धून बांधली होती. ती तिनं जन्मभर तुकड्यातुकड्यानं ऐकली. सबंध वाजवायला घेतली की शेजारी भिंत ठोकत.

"रविवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बागेत वाजवतो," दाजी म्हणाले. "हिला बाकावर बसवायचं, एकदा अख्खी ऐकवायची. मग काढू देत सगळे."

"बागेत वाजवायला परवानगी लागते म्हणे," ताई म्हणाली.

"अगं, ज्यांच्यासाठी जन्मभर गाल फुगवले, ते एका संध्याकाळीला नाही म्हणतील?"

दाजी सगळ्या जगाला आपल्या बँडमधलंच समजत. मी त्यांचा मेहुणा, त्यामुळे पालिकेत सोबत जाणं माझ्या वाट्याला आलं.

परवान्याच्या खिडकीत जो बसे, त्याला सगळे 'पुढचं टेबल' म्हणत. कुणी काहीही विचारलं की तो आधी तेवढंच बोले. वास्तविक त्याच्या पुढे टेबल नव्हतं, भिंत होती. पण इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली नव्हती. लोक भिंतीपर्यंत जाऊन, तिच्याशी दोन शब्द बोलून परत येत.

"कलाकार किती?" त्यानं विचारलं.

"मी एकटा."

"प्रेक्षक?"

"आमची ही."

"म्हणजे जाहीर कार्यक्रम."

"नवराबायकोचा?"

"खाजगी असेल तर घरी करा. बागेत खाजगी चालत नाही. आणि जाहीर म्हटलं की बाग, आवाज आणि आग, तिन्ही खात्यांची पाहणी लागते."

"आग कशाला?" दाजी म्हणाले. "मी फुंकतो हो, पेटवत नाही."

"फुंकल्यानंच भडकते," पुढचं टेबल म्हणालं. त्याच्या चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नाही. त्या इमारतीत मला भेटलेली ही एकमेव तर्कशुद्ध गोष्ट.

मग आम्ही तिन्ही साहेबांकडे गेलो. बागवाले साहेब म्हणाले, आवाजाचा दाखला आणा, मग बाग देतो. आवाजवाले म्हणाले, बाग मिळाल्याशिवाय आवाज मोजू कुठे, माझ्या केबिनमध्ये? आगवाले म्हणाले, माझी सही या दोघांच्या खाली असते. खालचा मजला आधी बांधून वरचे दोन अधांतरी ठेवायचे का? या तिघांच्या अकलेची बेरीज केली असती तर उत्तर शून्य आलं असतं आणि तरीही हातचा एक कुठेतरी गहाळ झाला असता.

आवाजवाल्यांच्या केबिनमधून निघताना दाजींना राहवलं नाही. "साहेब, तुमच्या बढतीच्या समारंभाला मीच वाजवलं होतं."

"अच्छा?" साहेबांनी आठवायचा प्रयत्न केला. "हो, कुणीतरी वाजवत होतं खरं. कर्कश होतं जरा."

दाजी तडक घरी आले. आल्यावर ट्रम्पेट पेटीतून काढून फडक्यानं पुसत बसले. ते आधीच चकाकत होतं.

"तिघांना एकदमच बागेत बोलवा ना," ताई म्हणाली. "एकत्र आले की एकमेकांकडे बघून करतील सह्या."

"ते काय हळदीकुंकवाला येणार आहेत का?" मी म्हणालो.

"संयुक्त पाहणी म्हण. मोठा शब्द दिसला की येतात."

आणि काय सांगावं, यायला तयार झाले! 'संयुक्त' ऐकताच तिघांचे चेहरे उजळले. संयुक्त जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही, हे पालिकेत नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळतं, आणि बऱ्याच जणांना त्यानंतर काही कळत नाही. पाहणी शनिवारी संध्याकाळी ठरली, कारण कार्यक्रमाच्याच वेळेला पाहणी करायची असा नियम होता. रविवारी कचेरी बंद. परवानगीचा कागद सोमवारी मिळणार.

"पण कार्यक्रम रविवारी आहे," मी पुढच्या टेबलाला म्हणालो.

"मग तारीख रविवारचीच टाकतो की. तुमची अडचण कशाला करू?"

दाजींनी ऐकलं आणि पेटी बंद केली. "सोड," म्हणाले. "शनिवारी जाऊन सांगून टाकू, नको म्हणून. बिचारे उगीच यायचे."

"जायचंच आहे तर वाद्य घेऊन चला," ताई म्हणाली. ती ठेवणीतली साडी नेसून आली. मला वाटलं, साहेब लोक येणार म्हणून.

बागेत बागवाले साहेब झुडपं मोजत होते. आगवाल्यांनी मापाची फीत पसरली होती. आवाजवाल्यांनी तिपाईवर यंत्र उभं केलं होतं.

दाजी घसा खाकरून म्हणाले, "साहेब, एक सांगायचं होतं..."

"आधी वाजवा," आवाजवाले म्हणाले. "काटा जागेवर आहे, मोजू काय?"

दाजींनी नाइलाजानं ट्रम्पेट ओठाला लावलं आणि एक सूर काढला.

"असं पीं करून भागत नाही. नियमात 'संपूर्ण कार्यक्रम' म्हटलंय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्ये थांबलात तर मोजणी बाद."

"आणि प्रेक्षक कुठे बसणार?" आगवाल्यांनी विचारलं. "बसवून दाखवा. बाहेर पडायची वाट मोजायचीय."

"मी बसते," ताई म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. मांडीवर हात ठेवून, पाठ सरळ ठेवून. कुणी मुद्दाम बोलावलं असावं तशी.

दाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

त्यांनी वाजवलं. गटारावर आणि पुतळ्यांवर जे कधी वाजवलं नव्हतं, ते वाजवलं. पलीकडच्या दाजींच्याच इमारतीतल्या खिडक्या उघडल्या; भिंत ठोकणारे शेजारी गजांना धरून उभे राहिले. मधे एकदा सूर चिरकला, दाजींच्या कपाळावर वेदनेची आठी आली, पण ते थांबले नाहीत. थांबले असते तर मोजणी बाद झाली असती. तिघांतल्या एकानंही काही ऐकलं नाही. एकाचं लक्ष काट्यावर होतं, दुसऱ्याचं फितीवर. तिसरे एका झुडपाचं नाव आठवत होते. शेवटचा सूर संपला तेव्हा ताईनं पदरानं डोळे पुसले आणि दाजींनी ओठांवरचं रक्त.

"आवाज मर्यादेत आहे," आवाजवाले म्हणाले.

"पण आज वाजवलं त्याची परवानगी होती का?" बागवाल्यांना एकदम सुचलं.

"आज वाजवलं नाही," आवाजवाले रागावून म्हणाले. "आज मोजलं."

सोमवारी सकाळी दात गेले. परतताना वाटेत पालिका लागली म्हणून आम्ही खिडकीशी थांबलो. कागद तयार होता, तीन सह्या, तारीख कालची. दाजींच्या तोंडात कापसाचे बोळे होते, त्यामुळे सही त्यांनी केली आणि बोलणी ताईनं.

"काल बागेत कार्यक्रम झालेला दिसत नाही," पुढचं टेबल म्हणालं. "परवानगी घेऊन वापरली नाही तर कारण द्यावं लागतं."

"लिहा की," ताई म्हणाली. "प्रेक्षक आदल्या दिवशीच ऐकून गेला."