गुरुवारची सुई

महादेवीनं टोपण दातांत धरलं, पेन दोन्ही मनगटांच्या मध्ये दाबलं आणि मान मागं ओढली. टोपण हललं नाही. दातांच्या खुणा मात्र त्याच्यावर उमटल्या.

टेबलापलीकडं संयोगितानं नोंदवही मिटून ठेवली. लिहायचं तरी काय? या इंजेक्शनच्या पेनापायी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या या छोट्या कारखान्यात तिनं दोन वर्षं घासली होती. संधिवातानं बोटं वाकडी झालेल्या माणसाला स्वतःच्या हातानं सुई घेता यावी, एवढंच काम. पहिल्या पेनाला अंगठ्यानं दाबायचं बटण होतं. ते कुणाला दाबेना म्हणून तिनं स्प्रिंग हलकी केली, मग आणखी हलकी केली, आणि शेवटी पेन टेबलावरून नुसतं पडलं तरी सुई सुटायला लागली. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. तिनं बटणच काढून टाकलं. आता पेन मुठीत धरायचं आणि मांडीवर दाबायचं, की आतली खिट्टी सुटून सुई आपली आपण जाणार. बोटं गेली तरी खांद्यातला जोर जात नाही. या युक्तीवर ती इतकी खूश होती की टोपणाकडं बघायचं राहूनच गेलं. वरात निघाली आणि नवरदेव घरीच राहिला, अशातली गत.

कारखान्याचे मालक विजयसिंह खुर्चीतून पुढं वाकले.

"टोपण घरातलं कुणीतरी काढून देईल की, मावशी. तेवढ्यानं काय बिघडतंय?"

"मग सुई बी त्योच टोचंल की," महादेवी म्हणाली. "मी कशाला आलोय मग हुपरीस्नं?"

विजयसिंहांनी चष्मा पुसायला घेतला.

महादेवीचं आयुष्य हुपरीत चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडण्यात गेलं होतं. चिमटा धरणारी बोटंच आधी गेली. आता दर गुरुवारी ती एस.टी.नं कोल्हापूरच्या दवाखान्यात यायची, कारण सुई द्यायला घरी कुणी नव्हतं. सून विद्याश्रीला सुई नुसती दिसली तरी घेरी यायची. राहिला मुलगा, सोमशेखर. "पोराफुडं लुगडं वर सारायचं व्हय?" असं तिनं एकदाच विचारलं होतं, आणि तो विषय तिथंच संपला होता. दवाखान्यात तरी काय, पडदा अर्धवट ओढलेला आणि नर्सला घाई. दुखण्यापेक्षाही त्या पडद्याचा तिला वीट आला होता. म्हणून पेनाच्या चाचणीला बोलावलं की ती कधी बस चुकवत नसे.

"मावशी, टोपण सैल करते मी," संयोगिता म्हणाली. "पुढच्या महिन्यात परत बघू."

"सैल नगो. पिशवीत निघालं तर कुणाला तरी टोचंल." महादेवी भिंतीकडं बघत होती. "खिळा हाय का हितं?"

"खिळा?"

"पैंजण जोडलं की आमी खिळ्याला अडकीवतो आन् हिसका मारतो. कच्चा जोड असला की सुटतोय. त्याला बोटं कशाला लागत्यात? अंग मागं घेतलं की झालं. ह्या टोपणाला कडी न्हाई, तेवढंच वंगाळ."

संयोगिता उठली. पेन चाचणीचंच होतं, सुई नसलेलं, औषधाऐवजी पाणी भरलेलं. तिनं टोपणाच्या टोकाला ड्रिलनं भोक पाडलं, त्यात तारेची कडी ओवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ठेवलं.

महादेवीनं कडी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली, पेन दोन तळव्यांत धरलं आणि नुसती मागं झुकली. टोपण खिळ्यावर लोंबत राहिलं. मग तिनं पेन मुठीत घेऊन मांडीवर बांधलेल्या स्पंजावर टेकवलं आणि दाबलं.

खट्.

पाणी स्पंजात उतरलं.

"जिकलं की वो!" लेथवरचा केरबा मशीन बंद करून ओरडला. विजयसिंहांनी टाळ्या वाजवल्या. संयोगिताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. दोन वर्षं ती इथं स्प्रिंगा मोजत बसली होती, आणि उत्तर हुपरीत घरोघरी भिंतीला ठोकलेलं होतं.

"आनि एक द्या," महादेवी म्हणाली.

त्या दुपारी तिनं बारा पेनं हातावेगळी केली. बाराही बिनचूक चालली.

पुढं चाचण्या आणि परवानग्या यांत दीड वर्ष गेलं. डॉक्टरांनी महादेवीच्या नावानं पहिलं खरं पेन लिहून दिलं, तेव्हा गुरुवार साधून संयोगिता हुपरीला गेली. आपलं पेन खरोखरीचं औषध देताना तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तेवढ्यासाठी तिनं रजा काढली होती.

घरात सोमशेखर होता, विद्याश्री होती, आणि बातमी ऐकून शेजारची धोंडुबाईही येऊन बसली होती. महादेवीनं पेन खोक्यातून काढलं आणि एकवार सगळ्यांकडं बघितलं.

"भायेर व्हा समदी."

सोमशेखर निमूट निघाला. धोंडुबाई कुरकुरत उठली. विद्याश्री तर सुटलीच. संयोगिता मात्र जागची हलली नाही.

"मी थांबते, मावशी. काही लागलं तर..."

"कुणी लागू नये म्हून तर केलंय न्हवं तुमी?" महादेवी म्हणाली. "तुमी बी व्हा, बाई."

दार लागलं. आतून बोल्ट सरकल्याचा आवाज आला.

कट्ट्यावर चौघं उभी राहिली. बऱ्याच वेळानं आत खट् झालं. सुई टोचल्यावर पेन दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं असतं, म्हणून संयोगिता मनातल्या मनात मोजू लागली. दहा झाले, वीस झाले, साठ झाले. दार उघडेना. विद्याश्रीनं घाबरून कडी वाजवायला हात उचलला.

तेवढ्यात आतून हसू ऐकू आलं. एकटीचं, मोकळं, थांबता थांबेना असं.

संयोगितानं विद्याश्रीचा हात धरून खाली घेतला आणि सोमशेखरला कोल्हापूरच्या बसची वेळ विचारली.