जुन्या लिपीतली पुस्तकं

रिश्तानच्या शाळेत वाचनालयाची नोकरी लागली ना, तेव्हा मुहय्यो इतकी खूश झाली की पहिल्याच दिवशी तिने सगळी कपाटं एकटीने पुसून काढली. अडीच हजार पुस्तकं! आणि एकालाही पोरांचा हात लागलेला नाही. लागणार कसा? पुस्तकं सगळी जुन्या लिपीत, रशियनांच्या काळातली, आणि पोरं शिकतात नव्या लिपीत. भाषा तीच, आपली उझबेकच, पण अक्षर लागत नाही. मुहय्योला ते बापाने शिकवलेलं, ट्रकमध्ये शेजारी बसवून, रस्त्यावरच्या जुन्या पाट्या वाचायला लावून.

तर हेडमास्तर तुर्गुन अका, म्हणजे तुर्गुनदादा, येऊन म्हणतात कसे, "पोरी, खोली मोठी आहे. इथे स्क्रीन लावायचाय, भिंतभर. पुस्तकं रद्दीत."

"अका, पोरं वाचायला लागली तर?"

"ही पोरं?" ते खो खो हसले. "बरं, मार्चात नवरोजचा सण, तोपर्यंत तीस पोरं वाचताना दाखव. स्क्रीन दुसरीकडे लावतो. शब्द दिला!"

झालं! दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर अक्षरं काढली. अकरा पोरं आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी चार. बाकीची खिडकीबाहेर एका फोनभोवती डोकी घालून. मग तिला वाटलं, जरा चव तर लावू. तिने एक पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. पाणी हरवलेली एक विहीर असते, ती पाणी शोधायला शहरात जाते, अशी गोष्ट. विहिरीचा आवाज घोगरा, बादलीचा किरकिरा. खिडकीतली डोकी आत आली ना राव! आठवड्यात चाळीस पोरं, बसायला जागा नाही.

"आधी पाच मिनिटं अक्षरं," ती म्हणायची.

"ओपाऽऽ, आधी गोष्ट!" पोरं ओरडायची. ओपा म्हणजे ताई.

त्यांचे ते चेहरे बघून ती विरघळायची. अक्षरं उद्या. मग परवा. तिला वाटायचं, एवढी गोडी लागलीय, अक्षरं काय, आपोआप येतील.

नवरोजच्या आदल्या दिवशी अंगणात बायका सुमलकची, म्हणजे गव्हाच्या अंकुरांच्या गोड खिरीची, कढई ढवळत होत्या, आणि तुर्गुन अका चिकट बोटं चाटत आत आले. त्रेचाळीस पोरं! ते बघतच राहिले. कपाटातलं हाताला लागलं ते पुस्तक काढून त्यांनी पुढे बसलेल्या ओयदिनला दिलं. "वाच बाळ."

ओयदिन उभी राहिली आणि सुरू! घोगरी विहीर, किरकिरी बादली, सगळं हुबेहूब. मुहय्यो मध्ये खोकायची तो खोकलासुद्धा. अकांनी वाकून पुस्तकात पाहिलं. "अगं, हे मधमाश्या पाळायचं पुस्तक आहे."

पोरं हसली.

पण अका चिडले नाहीत हो. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांचे डोळेच चमकले. "पोरी, आधी का नाही बोललीस? गोष्टी सांगताना तुलाच स्क्रीनवर आणू!"

"हो ओपा!" ओयदिनने उडीच मारली. "मी जेवतानासुद्धा फोनवर तुम्हालाच बघेन!"

"अका, एक महिना द्या. अक्षरं पस्तीसच आहेत."

"त्यांना अक्षरं नकोत गं, तू हवीस."

त्रेचाळीस पोरं तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून.

एप्रिलमध्ये रद्दीवाल्याने दोन खेपा केल्या. विहिरीचं तेवढं एक पुस्तक तिने मागून घेतलं. रिकाम्या खोलीत तिला खुर्चीवर बसवलं, समोर गणिताच्या बाई फोन धरून उभ्या.

"पुस्तक खाली ठेव ना. तोंड झाकतंय. पाठ आहे की तुला."

पाठ होतंच. तिने पुस्तक मिटून खुर्चीखाली सरकवलं.

"हं, इकडे बघ. हस थोडं."

ती हसली.