न जाण्याचे पैसे

रुग्णालयातून फोन आला त्या मंगळवारी उज्ज्वलने मला स्वयंपाकघराच्या फळीवरून खाली काढलं. त्याला बायकोचा, अपेक्षाचा, पासपोर्ट हवा होता. कामाचे कागद ती माझ्यातच ठेवते, एवढंच त्याला ठाऊक होतं. पासपोर्ट सापडला. तो घेऊन उज्ज्वल एश्बॉर्नच्या घरून एस-बान या लोकलने फ्रँकफर्टला गेला आणि संध्याकाळी एकटाच परत आला. ऑफिसात बसल्या जागी तिच्या डोक्यातली शीर फुटली, असं त्याने नागपूरला आईला, कमलाबाईंना, फोनवर सांगितलं. बोलणं संपल्यावरही फोन बराच वेळ त्याच्या हातातच होता. २००७ सालचा नोव्हेंबर होता तो.

मित्रांनो, मी एक जुना मसाल्याचा डबा आहे. स्टीलचा, गोल, सात वाट्यांचा. नागपूरच्या इतवारीत कमलाबाईंनी मला विकत घेतलं आणि झाकणावर सुनेचं नाव कोरून घेतलं. सहा-सात वर्षं मी रोज दोनदा उघडत होतो. फोडणीच्या वेळी अपेक्षाचा हात न बघताच मोहरीत जायचा. पुढे तिने काचेच्या बरण्या आणल्या आणि मी वरच्या फळीवर गेलो. हळदीचा डाग तेवढा राहिला.

त्या नोव्हेंबरआधीच्या उन्हाळ्यात तिने मला घासूनपुसून पुन्हा खाली आणलं. लग्नाला दहा वर्षं होणार म्हणून दोघांनी आल्प्सच्या कुशीतला एक लाकडी बंगला जानेवारीत आठवडाभरासाठी घेतला होता. तिथे त्याला शाले म्हणतात. सौना, शेकोटी, हाताशी स्वयंपाकी. आठ वर्षांच्या लेकीला, धम्मदीपाला, बर्फावर स्की करायला शिकायचं होतं. वर्गातली बाकीची मुलं केव्हाच शिकली होती. भाडं भरून झालं आणि उज्ज्वल निर्धास्त झाला.

"भाडं म्हणजे नुसता साखरपुडा," अपेक्षा म्हणाली. "लग्नाचा खर्च पुढेच आहे."

पगार झाला की ती माझ्या वाट्यांत नोटा ठेवायची आणि वर चिठ्ठी. हळदीच्या वाटीत डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचे पास. तिखटाच्या वाटीत स्की आणि बुटांचं भाडं, चिठ्ठीवर धम्माच्या पायाचं माप. मोहरीच्या वाटीत गाव पाहुण्यांकडून घेतं तो कर. जिऱ्याच्या वाटीत निघतानाची सफाई, तिचे वेगळे नव्वद युरो. मग स्वयंपाक्याची बक्षिसी, शेकोटीची लाकडं. सातव्या वाटीत साठ युरो होते. जाणं ऐनवेळी रद्द झालं तर भाडं परत मिळावं म्हणून काढायच्या विम्याचे.

"आल्झो, म्हणजे हे काय?" उज्ज्वलने ती चिठ्ठी उचलली. "जायचे पैसे समजले. न जाण्याचे पैसे कशाला?"

"अरे, कोणाला ताप येतो, कोणाचा पाय मोडतो."

"पाय मोडायला आधी तिथे पोचावं लागतं."

"हसू नकोस. सोय असते ती."

"त्यापेक्षा धम्माला शिकवायला चांगला मास्तर लावू. काय गं?"

"या, या," पलीकडून धम्मदीपाने जर्मनमधून होकार दिला.

साठ युरो मास्तरच्या पैशांत गेले. चिठ्ठी मात्र अपेक्षाने सातव्या वाटीतच राहू दिली.

ती गेल्यावर उज्ज्वलने शालेच्या मालकिणीला कळवलं. तिचं पत्र आलं. नियमाप्रमाणे भाडं परत मिळत नाही, पण पुढच्या हिवाळ्यात एक आठवडा तुमच्यासाठी राखून ठेवते, तेवढं ऑक्टोबरअखेर लिहून कळवा. त्याने पत्राची घडी घातली आणि माझ्या सातव्या वाटीत ठेवली.

"पापा, फारन वीर नोख?" धम्मदीपाने विचारलं. आपण अजून जाणार आहोत का, असं ती विचारत होती.

"बघू."

तिने आणखी दोनदा विचारलं. मग विचारणं सोडलं.

मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला, वर्ष फिरत आलं. कमलाबाईंचा फोन दर रविवारी येतो. "पोरीला ने रे. नाहीतर ते पैसे अपेक्षाच्या नावाने दान कर. डब्यात ठेवून काय होणार?"

"विमा काढला असता तर, आई."

"काढला असतास तर ती परत आली असती?"

"नाही."

"मग?"

"ती सांगत होती, आणि मी हसलो."

कमलाबाईंनी विचारलं, "जेवलास का?"

रविवारी फोन झाला की तो मला उघडतो. सातवी चिठ्ठी वाचतो, जागच्या जागी ठेवतो. धम्माचे पाय दोन मापं वाढले आहेत. तिखटाच्या वाटीतली चिठ्ठी जुनी झाली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी बसून खर्चाची जुळवाजुळव करत असेल. त्या माणसाजवळ बसा. चिठ्ठी हातात घ्या आणि शेवटपर्यंत वाचा. पटलं नाही तर भांडा, पण हसून बाजूला सारू नका. आम्हा भांड्यांना पोचा पडला तर ठोकून सरळ करता येतो. माणसाचं तसं नसतं.

आज ऑक्टोबरची अठ्ठावीस तारीख आहे. मालकिणीला अजून उत्तर गेलेलं नाही. धम्मदीपालाही अजून काही सांगितलेलं नाही.