न कापलेली पाने

मित्रांनो, मी एक जुना मासिकाचा अंक आहे. अठराशे अठ्ठावन्न साली लंडनच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. माझ्याजवळ सांगण्यासारखे फार काही आहे की नाही, कोण जाणे, पण ऐका.

आमच्या काळी मासिकांची पाने कडेला जोडलेलीच येत. वाचणाऱ्याने ती सुरीने कापायची, मग वाचायची. माझ्या पुढच्या भागात नव्या घटस्फोट न्यायालयातले खटले रंगवून सांगितले होते. मागे होता नवा विवाह कायदा समजावणारा एक रुक्ष लेख. हॅलिफॅक्सच्या थर्लबीबाईंनी माझी पुढची पाने तेवढी कापली आणि मला घेऊन त्या टॅम्सिनच्या टोप्यांच्या दुकानात आल्या.

टॅम्सिनला तिचा नवरा सायलस टाकून गेला होता. दुकान तिने एकटीने उभे केले. पण बायकोची कमाई तेव्हा नवऱ्याचीच मानली जाई. आणि तो परत येणार, अशी कुणकुण होती.

"ऐक गं, कप्तानसाहेब म्हणे पडद्यामागे लपले होते!" एक खटला वाचून दाखवताना थर्लबीबाईंना हसू आवरेना.

"माझा नवरा कशाला लपतोय? सरळ दारातून येईल आणि दुकान विकून मोकळा होईल. माझ्यासारखीला काही उपाय लिहिलाय का त्यात?"

"मागे नुसता कायदा आहे, बाई. झोप येते. ठेव तुलाच, टोप्यांत कोंबायला."

कितीतरी दिवस मी चिंध्यांच्या टोपलीत पडून होतो. एका सकाळी टोपीला आकार राहावा म्हणून कोंबायला टॅम्सिनने माझी मागची, न कापलेली करकरीत पाने निवडली. घडीत कात्री घातली आणि तिचा हात थांबला. टाकलेल्या बायकोने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला, तर तिची कमाई तिचीच राहील, असे तिथे लिहिले होते. टोपी अर्धवट टाकून तिने दुकानाला कुलूप लावले आणि ती मॅजिस्ट्रेटच्या कचेरीकडे निघाली.

सायलस आला तो हातगाडी घेऊनच.

"काय राणी, ओळखलंस ना? चल, भर सगळं गाडीत."

"तुला ओळखलं. आता तू या हुकुमावरची सही ओळख. मॅजिस्ट्रेटची आहे. एका रिबिनीला हात लावलास, तर दुप्पट भरून द्यावं लागेल."

गाडी रिकामीच खडखडत गेली.

आता मी पिवळा पडलो आहे. चघळलेली पुढची पाने केव्हाच गळून गेली. मित्रांनो, आम्हाला जपून ठेवा, असे सगळीच पुस्तके सांगतात. मी एवढेच म्हणेन, की घरी नेलेत तर शेवटच्या पानापर्यंत उघडा. कापताना आम्हाला दुखत नाही.