तपकिरी बटणाचा कोट

मी एक जुना काळा कोट आहे. मित्रांनो, कोट म्हटला की तुम्हाला ऐट आठवत असेल. मला मात्र भीतीच आठवते.

बेळगावच्या एका शिंप्याने मला हरिभाऊ वकिलांसाठी शिवले. त्यांच्या अंगावर मी कोर्टात बरीच वर्षे मिरवलो. कोपरे विरली तेव्हा त्यांनी मला खेड्यातल्या मुलांच्या बोर्डिंगला देऊन टाकले. मॅट्रिक झालेला जो मुलगा कॉलेजसाठी मदत मागायला जाईल त्याने मला घालायचे, अशी तिथली रीतच पडली.

मदतीच्या वाटा मला तिथेच पाठ झाल्या. फीमाफीला गरिबीचा दाखला लागे आणि माफी निम्म्याच फीची मिळे. कर्जाऊ शिष्यवृत्तीला दोन जामीनदार लागत, पण शेतकऱ्याच्या पोराला जामीन कोण राहणार? एखाद्याला सासरा शिकवी, पण आधी बोहल्यावर चढावे लागे. कुठेच जमले नाही की मुले निपाणीला जात. तिथल्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी गरीब, हुशार मुलांसाठी फंड काढला होता.

१९४० च्या जूनमध्ये खानापूरकडचा परशराम मला घालून निपाणीला निघाला. माझे एक बटण तुटले होते. काळे मिळेना म्हणून त्याने तपकिरी लावले आणि दोरा दाताने तोडला. फंडाचे प्रमुख मारुतीराव माझ्याकडे बघत राहिले.

"कोट कुणाचा रं?"

"माझाच हाय."

"मग तुला मदत कशाला?"

परशराम रिकाम्या हाताने बाहेर पडला. कोट आपलाच आहे असे सांगायला बोर्डिंगच्या मुलांनीच त्याला शिकवले होते. उसना कोट घालून गेलो हे कळले तर लाज जाते, असे सगळ्यांना वाटे. परत आल्यावर त्याने मला झटकून खुंटीला लावले आणि तो गावी निघून गेला.

पुढच्या वर्षी पिरनवाडीच्या भरमूने मला घातले. त्याचे वडील यल्लाप्पा मोटारीपर्यंत पोचवायला आले होते.

"कोट आपलाच म्हन. मागून आनलाय म्हनू नगो," ते म्हणाले.

मी हादरलो. पुढे काय होणार हे मला ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. निपाणीपर्यंत भरमूचा घाम माझ्या अस्तरात मुरत होता. मला आयुष्यभर फाटायची धास्ती होती, पण त्या दिवशी वाटले, आताच टराटरा फाटावे.

मारुतीरावांची नजर माझ्या बटणावर थांबली. "हा कोट कुणाचा?"

भरमूने ते बटण मुठीत घट्ट धरले. 

"आमचा न्हाय, आण्णा. बोर्डिंगचा हाय. मदत मागाय येनारा परत्येक जन ह्योच घालतोय."

"गेल्या साली एक पोरगं ह्योच घालून आलतं. माझाच म्हनाला."

"त्येचाबी न्हवता. लाजंपायी म्हनाला आसंल."

मारुतीरावांनी जुन्या वहीत परशरामचे नाव-गाव शोधले. मग त्यांनी भरमूची सगळी फी मंजूर केली आणि परशरामला बोलवायला त्याच्या गावी माणूस धाडला. तो एकटाच परत आला.

"पोरगं पलटनीत भरती झालंय," तो म्हणाला. "लढाईवर गेलंय."

आता महायुद्ध संपून दोन वर्षे होत आली. भरमू बी. ए. झाला, मास्तर झाला. परशराम अजून आलेला नाही, त्याची काही खबरही नाही. जूनमध्ये बोर्डिंगचे कपाट करकरले की आजही माझा जीव घाबरा होतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि कुणाला मदत द्यायला बसाल. तेव्हा समोरच्याच्या कोटावरून निकाल लावू नका. त्याच्याजवळ बसा, भीती जाईपर्यंत त्याला बोलू द्या.

माझे अस्तर बदला, बाह्या बदला, हवे तर मला उलटून शिवा. ते तपकिरी बटण मात्र राहू द्या. परशराम परत आला, तर त्याला माझी ओळख पटली पाहिजे.