दोन कड्यांची पेटी

२४ × १८ × १४

इंचात. जुनी पेटी एवढी होती. पत्र्याची, हिरवी, दोन्ही बाजूंना एकेक कडं. डावं कडं नजमाआपाचं, उजवं रंभाचं. एकटीने उचलायला गेलं तर ती जमीन सोडायची नाही. सहा हंगामांत एकटीने उचलायची वेळही आली नव्हती.

आत: टिकल्या, मणी, जर, गोट्याची किनार, मेणाचा तुकडा, दोन कात्र्या, सुया, आपाची पानाची डबी. (पानाची डबी सामानात धरायची नाही, असं ठरलेलं. सगळ्यात ऐसपैस जागा तिचीच.)

धान घरात आलं की वडसाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. एका कंपनीबरोबर या दोघी निघायच्या. नाचाच्या साड्यांवर टिकल्या टाकायच्या, उसवलेलं शिवायचं. साडी दोघींच्या मांड्यांवर पसरलेली. आपा पदराकडून सुरू करायची, रंभा दुसऱ्या टोकाकडून. मध्ये कुठेतरी दोघींच्या सुया भेटायच्या.

"पोहोचली का गं, रंभे?"

"तुमीच हळू आहा, आपा."

चैत्रात आपा मुलाकडे गेली, मुबीनकडे, एटापल्लीला. डोळे चुरचुरतात म्हणाली. जाताना उसवलेल्या टिकल्यांची पिशवी आणि डब्या घेऊन गेली. दर पावसाळ्यात ते काम आपाचंच: टिकल्या परातीत ओतायच्या, रंग निवडायचे, डब्या भरायच्या.

"दिवाळीले येतो," म्हणाली.

पावसाळ्यात पेटीचा तळ गंजून गेला.

सीटखाली जाईल तेवढी

हे माप कंपनीच्या देवानंदभाऊंनी दिलं.

"यंदा ट्रक नाई, बाई. जीप आहे. दोघीइच्या जागा ठेवल्या म्या, पण पेटी एकच. सीटखाली गेली पाह्यजे."

"आन नाई गेली तं?"

"मंग पेटीले सीटवर बसवू, तुमाले टपावर."

१६ × ९ × ८

बाजारात धनराजच्या दुकानात प्लास्टिकच्या पेट्या आल्या होत्या. निळ्या, आत कप्पेच कप्पे, वर मूठ. बोटावर उचलली जाईल इतकी हलकी. रंभाने पदराची गाठ सोडून चिमूटभर लाल टिकल्या एका कप्प्यात टाकल्या, हिरव्या शेजारच्या कप्प्यात. झाकण लावलं. पेटी उचलली आणि धानोऱ्याच्या रस्त्यावर गाडी जशी हलवते तशी हलवली.

"काय करून राह्यल्या, बाई? फुटन ना."

उघडली. लाल हिरव्यात, हिरव्या लालमध्ये. कप्प्यांच्या भिंती झाकणापर्यंत पोहोचतच नव्हत्या.

"मेकॅनिक लोक नेतात हे," धनराज म्हणाला.

"त्याईचे नटबोल्ट उडत नाईत."

एकेक टिकली वेचून तिने परत गाठीत बांधली. धनराज बघत राहिला.

१८ × १२ × १०

इनायतभाऊंच्या दुकानात पत्रा ठोकला जात होता. रंभाने माप सांगितलं. त्यांनी पत्र्यावर खिळ्याने रेघ ओढली.

"आत काय?"

"फळी. बारा भोकं पाडा तिले. डब्या उभ्या राह्यल्या पाह्यजेत."

"हं. आन उचलाचं कसं? वर एक मूठ ठोकू, का बाजूले दोन कडे?"

रंभा पत्र्यावरच्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"एक जण उचलत असन तं मूठ. दोघं असान तं कडे. सोपं हाये."

"शुक्रवारी सांगतो."

"हे सांगाले शुक्रवार काऊन लागते?"

शुक्रवारी एटापल्लीची गाडी यायची होती. कंडक्टर पोचूजवळ तिने निरोप धाडला होता: येता ना, आपा?

२ × सव्वा

फोटो स्टुडिओत फिल्मचा रोल ज्यात येतो, त्या काळ्या डब्या. झाकण नखाने ओढल्याशिवाय निघत नाही. अशा बारा.

स्टेजमागे एकच पिवळा बल्ब असतो. त्याच्या उजेडात लाल आणि हिरवं सारखंच दिसतं. म्हणून आपाने प्रत्येक डबीच्या गळ्याला दोरा बांधला होता. एक गाठ लाल. दोन हिरवी. तीन सोनेरी. चार चांदीची. बोटाने चाचपायचं, बघायचं नाही.

शुक्रवारी पोचूने पिशवी खाली दिली.

"आपा म्हणे, मी येतो. डब्या पुढं धाडल्या. पेटीत माह्यावाली जागा ठेव म्हणे."

रंभा चालत नाही, जवळजवळ पळतच घरी आली. रस्त्यातच नवी पेटी डोळ्यांसमोर दिसायला लागली होती: डावं कडं, उजवं कडं. पिशवी उघडली. दोरे नवे होते, गाठी घट्ट, एकाशेजारी एक. आपाचीच बोटं.

एक गाठ. नखाने झाकण ओढलं.

लाल. हिरव्या. लाल. हिरव्या, हिरव्या, लाल.

गाडीने हलल्या असतील, तिला वाटलं. मग आठवलं, या डब्या हलून उघडत नाहीत. तरी झाकण लावून तिने ती डबी हलवली, जोरात, धनराजच्या दुकानात हलवली होती तशी. एकही टिकली बाहेर आली नाही.

तीन गाठी: सोनेरी, त्यात चांदी, त्यात चार लाल.

चार गाठी. दोन गाठी. सगळ्या डब्या तशाच. काठोकाठ भरलेल्या, वरून अंगठ्याने दाबून बसवलेल्या. आपा दाबते तशा.

पूर्ण पावसाळा आपा परातीसमोर बसली असणार. निवडत. आणि तिला कोणी सांगितलं नसणार, किंवा तिने कोणाला विचारलं नसणार.

रंभा भिंतीला टेकून बसली. आपा आली तर? पदराकडून सुरू करील. लाल वेलीत हिरव्या टिकल्या टाकत टाकत मध्यापर्यंत येईल आणि विचारील, पोहोचली का गं. देवानंदभाऊ साडी उजेडात धरतील, सगळ्यांसमोर. आपा विचारील, काय झालं?

नाही आली तर साडीचं दुसरं टोक कोणाच्या मांडीवर?

तिने डब्यांची झाकणं लावली. एकही टिकली वेगळी केली नाही.

निरोप

शनिवारी सकाळी गाडी परत निघायची होती.

"आपाले सांग, यंदा जीप आहे. एकीचीच जागा. पुढल्या साली ट्रक राहीन."

पोचू म्हणाला, "देवानंदभाऊ तं दोघी म्हणत होते."

"तू तिकिटं फाड."

तो चढला. रंभा खिडकीखाली गेली.

"आन डब्याइचं विचारलं तं सांग, मस्त भरल्या म्हणा. एक टिकली इकडची तिकडं नाई म्हणा."

१८ × १२ × १०, पुन्हा

"बोला," इनायतभाऊ म्हणाले. "मूठ का कडे?"

"मूठ."

"म्हणजे एकटीच."

"हो."

त्यांनी मुठीची पट्टी घेतली, पेटीच्या झाकणावर मधोमध ठेवून खुणा केल्या. रंभा बघत होती. पेटीची डावी बाजू नुसता पत्रा होती, कोरा, गुळगुळीत.

"कडे पण ठोका."

"कोणते कडे?"

"बाजूचे. दोन्ही."

"मूठ ठोकल्यावर कडे कशाले, बाई? उगाच वजन. कोणी धरनार नाई तं लटकत राह्यतीन नुसते. रस्ताभर वाजतीन."

"वाजू द्या."

इनायतभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. मग सळईचा तुकडा शोधायला ते आत गेले.